दमयंती अजून रानातच हाय

मला लिहिता येत नाय, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुठं चुकलं तर ते सुप्रियाचं. सुप्रिया म्हणजे आमच्या शेजारच्यांची सून, बी.कॉम. झालेली. मी बोलतोय, ती लिहून घेतेय. अंकवाल्या बाई पनवेलजवळ विचुंब्याला माझ्या घरी आल्या होत्या. बोलल्या, "काका, तुमच्या कामाबद्दल लिहा ना आमच्यासाठी." मी बोललो, "बाई, मी सही करतो ती पण वाकडी येते." तर बोलल्या, "मग वाकडंच लिहा." आता वाकडं तर वाकडं. सुप्रियाला ताकीद दिलीय, नीटनेटकं करायचं नाय. मी 'हाय' बोललो की 'हाय'च लिहायचं.

काम काय माझं? पोरं खेळतात ते प्लॅस्टिकचे ठोकळे असतात ना, वर गोळ्या असलेले, एकात एक बसणारे, त्या ठोकळ्यांतून मी पोथीतले प्रसंग लावतो. वामन-बळी, समुद्राचं मंथन, हत्तीचा पाय धरून बसलेली मगर. गणपतीच्या मंडळात लावलेत, शाळेत लावलेत, सोसायट्यांच्या लॉबीत लावलेत. लोकांना वाटतं, याच्या पोथ्या पाठ असतील. खरं सांगू का, मला सगळ्या गोष्टी अर्ध्या माहीत हायत.

त्याचं असं की लहानपणी श्रावणात आमच्या देवळात पोथी लागायची. एक जण ओवी वाचणार, दुसरा तिचा अर्थ सांगणार. बाप मला घेऊन जायचा. मी जायचो केळं आणि खोबऱ्याच्या तुकड्यासाठी. अध्याय निम्मा झाला की मला झोप लागायची आणि बाप मला खांद्यावर टाकून घरी आणायचा. प्रल्हादाला कड्यावरून ढकलला, इथपर्यंत माझं शिक्षण. तो खाली पडला की वाचला, ते मला लग्न झाल्यावर कळलं.

सांगितलं पारूने. पारू म्हणजे माझी बायको. उरणकडची, सातवी पास. बघायला गेलो तेव्हा तिच्या बापाने विचारलं, "पोरगा किती शिकलाय?" माझा बाप बोलला, "व्यवहार कळतो त्याला." आमच्याकडं याचा अर्थ सगळ्यांना समजतो. तिच्या बापालाही समजला, पण तोपर्यंत चहा पिऊन झाला होता.

लग्नानंतर तिने मला शिकवायला घेतलं. पाटी आणली. मी 'ग'पर्यंत पोचलो. मग मला जांभया यायला लागल्या, ती हसायला लागली. बोलली, "जाऊ द्या. वाचायचं काम माझं. तुमी फक्त ऐका." मला तेच पाहिजे होतं. पाटी माळ्यावर गेली.

मी तेव्हा उरणजवळ द्रोणागिरीला गोडाऊनमध्ये माल उतरवायचो. एकदा एका कंटेनरमध्ये पाणी शिरलेलं. खोकी भिजून लगदा झाली, आतला माल ठीक होता, पण मालकाने सांगितलं, फेकून द्या. मी दोन गोण्या भरून उचलल्या. रंग असे होते की मला वाटलं, गोळ्या-चॉकलेट असणार. टेंपोतच एक ठोकळा दातात धरून चावला. तो दात पुढं काढावा लागला. माझ्या धंद्याचं भांडवल विचाराल तर एक दाढ.

गोण्या घरात ओतल्या. पारू बघत राहिली. बोलली, "आपल्या घरात खेळणारं कोण हाय?" मग तीच बोलली, "तुमीच खेळा. तुमचं वय तेच हाय."

त्या श्रावणात तिने घरात लहान पोथी लावली. गल्लीतल्या बाया यायच्या. मी पण बसायचो आणि जुन्या सवयीने निम्म्या अध्यायाला घोरायचो. बायकांत तिची लाज जायची. एक दिवस तिने ठोकळ्यांचं घमेलं माझ्यापुढं सरकवलं. "हाताला काम ठेवा. मी वाचते ते लावत बसा, म्हणजे झोप लागायची नाय." असा माझा धंदा सुरू झाला. भक्ती नाय, कला नाय, झोपेवरचा उपाय.

आता या कामात काय असतं ते थोडं सांगतो. ठोकळ्याला गोलाई नसते. आणि पोथीत सगळं गोल. चक्र गोल, शंख गोल, हत्तीचं पोट गोल. माझा हत्ती कायम कपाटासारखा दिसतो. सोंड लावली की लोक मान्य करतात, एवढंच. दुसरं, मी समोरून दिसेल तेवढंच बांधतो. माझ्या राजवाड्यांना मागची भिंत नसते. एक म्हातारबा मागून डोकावले आणि बोलले, "अरे, इंद्राच्या घरात तर पसारा हाय." तिसरं, ठोकळा एकदा घट्ट बसला की बसला. वामनाचा पाय मी बळीच्या डोक्यावर ठेवला तो जो अडकला, तो निघेच ना. नखाने बघितलं, सुरीने बघितलं, दाताने बघितलं, दातांचं तुमाला माहीतच हाय. पारू बोलली, "निघायचाच नाय तो. पोथीत तसंच हाय." अजून ते दोघं तसेच डब्यात हायत, एकमेकांना चिकटलेले.

सुकापूरच्या एका मंडळात मंथन लावलं होतं. नागाच्या तोंडाकडं राक्षस, शेपटीकडं देव, असं पाहिजे. मी देवांना तोंडाकडं उभं केलं. तोंडाकडचा मान मोठा, तर देव तिकडं, असा माझा हिशोब. उद्घाटनाला एका आजींनी सगळ्यांसमोर पकडलं. कार्यकर्ते बोलले, माणसं हलवत बसू नका, नागच फिरवा. चौघांनी नाग उचलला आणि त्याचे तुकडे झाले. आरती थांबलेली, पाहुणे ताटकळलेले आणि देव-राक्षस-कार्यकर्ते सगळे मिळून टेबलाखाली नाग शोधतायत. पारूला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. "मी वाचलं होतं नीट," ती बोलली, "तुमी तेव्हा झोपला असणार."

खरी अडचण मात्र तोंडाची. ठोकळ्यांबरोबर जी छोटी माणसं येतात, ती सगळी हसरी. पिवळं तोंड, दोन टिकल्या डोळे आणि हसू. आणि पोथीत तर बाई, निम्मं रडणं हाय. माझा बळी पाताळात हसत चालला. विष पिणारा महादेव मजेत. एका शाळेत तर मास्तर बोलले, "काका, तुमचा हिरण्यकश्यपू पोट फाडलं तरी खूश दिसतो."

पनवेलच्या बाजारात बशीरभाईंचं खेळण्यांचं दुकान हाय. सुटे ठोकळे वजनावर देणारा तो एकच माणूस. मी त्यांना बोललो, "भाई, एखादं रडकं तोंड मागवा ना."

ते बोलले, "अरे भाऊ, रडणारं खिलौना कोण घेईल? आईबाप पैसा देतात तो पोरं हसायला."

"पोथीला लागतं हो."

"दुबईला भाच्याला सांगतो. मिळालं तर आणील." भाच्याने काय पाठवलं तर एक डोळा झाकलेला दर्यावर्दी लुटारू. तो पण हसणारा.

उपाय सापडला तो माझ्या धांदरटपणामुळे. एक बाई लावताना मी डोकं उलटं बसवलं. तोंड मागं गेलं, पुढं नुसता पिवळा गोळा, त्यावर केसांचा टोप. मी काढायला गेलो तर पारूने हात धरला. "राहू द्या. बघा, ही रडतेय." खरंच. पाठ फिरवून रडणारं माणूस असतं तसं. त्या दिवसापासून आमच्या घरात तो नियम झाला. ज्याला दुःख झालं, त्याचं डोकं उलटं. लोक विचारायचे, काका, हे तुमाला सुचलं कसं? मी बोलायचो, देवाने सुचवलं. देव विचुंब्याला राहायचा आणि घरात भाकऱ्या भाजायचा.

असं करत करत एक सर आमच्याकडं आले. ते पोरांची पुस्तकं काढतात. त्यांना पांडवांच्या मोठ्या पोथीतल्या गोष्टींचं चित्रांचं पुस्तक करायचं होतं, सगळी चित्रं ठोकळ्यांची. "तुम्ही सीन लावा, आमचा फोटोग्राफर येऊन शूट करेल," ते बोलले, "मूळ पोथीप्रमाणे पाहिजे हं, मनाचं नको." मी पारूकडं बघितलं. ती आत गेली आणि नवं लाल फडकं काढून बसली, पोथी बांधायला. एवढी मोठी पोथी आमच्या घरात कधी लागली नव्हती. ती बोलली, "एकदा लावली की पुरी करावी लागते. अर्धी ठेवत नायत." मी बोललो, "तू हायेस ना."

दुपारी जेवण झालं की ती वाचायची. मी समोर फरशीवर. ओवी वाचायची, मग आपल्या बोलीत सांगायची, "म्हणजे बघा, आता त्या राजाला काय वाटलं असेल..." मी लावायचो, ती चष्म्यावरून बघायची. "त्याला एवढा मुकुट नको, तो आता भिकारी झालाय." माझ्या आयुष्यात शाळा झाली असेल तर ती.

तिचा आवाज बसायला लागला तो याच दिवसांत. आमाला वाटलं, वाचून वाचून घसा धरला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला. मी चेष्टा करायचो, "आता राक्षसाचे संवाद बरे जमतायत तुला." ती तशाच घोगऱ्या आवाजात राक्षस होऊन मला ओरडायची. दातांना भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावायची ती, लग्नाआधीपासून. आमच्याकडं कोणत्या बाईने लावली नाय? डॉक्टरकडं गेलो तेव्हा उशीर झाला होता. किती, ते डॉक्टरने मला सांगितलं इंग्रजीत आणि मी मान हलवली.

ऑपरेशनची तारीख मिळाली. तोपर्यंत ती वाचतच होती. आवाज एवढा बारीक झालेला की मी सरकत सरकत तिच्या मांडीशी जाऊन बसलो होतो, कान तिच्या तोंडापाशी. तेव्हा नळराजाची गोष्ट चालू होती. राजा जुगारात राज्य हरतो, बायको दमयंती त्याच्याबरोबर रानात जाते. अंगावर एकच लुगडं, ते दोघं मिळून पांघरतात. ती झोपते. मग त्याच्या मनात येतं, माझ्याबरोबर हिचे हाल, मी नसलो तर ही माहेरी तरी जाईल. तो निम्मं लुगडं फाडतो आणि तिला तिथं टाकून जातो.

"आणि दमयंती जागी झाली," पारू बोलली आणि तिला खोकला आला. मी आतून मोराचं पीस आणून खुणेला पानात घातलं आणि फडकं बांधून ठेवलं. तो तिचा शेवटचा शब्द, मी ऐकलेला. जागी झाली.

राम-कृष्ण मी टीव्हीत बघितलेत. नळराजा टीव्हीत कधी आला नाय. आला असेल तर तेव्हा लाईट गेली असणार. त्यामुळे पुढचं मला माहीत नव्हतं. नेहमीसारखी अर्धी गोष्ट.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, श्वास तिथून. आवाजाची पेटीच काढली. सरकारी हॉस्पिटलातल्या नर्सने तिला पाटी-पेन्सिल दिली, बोलली, "आता आजी, काय पाहिजे ते लिहायचं." आजीने लिहिलं. आजीच्या समोर मी. मी पाटीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. बोललो, "अक्षर छान हाय." नर्सला वाटलं मी विनोद करतोय. पारूला माहीत होतं.

घरी आल्यावर ती ओठ हलवायची. मला वाटायचं चहा मागतेय. मी चहा करायचो. परत ओठ हलवायची, परत चहा. शेवटी वैतागून तिने पाटीवर काहीतरी लिहिलं. मी पाटी घेऊन सुप्रियाकडं पळालो. ओट्यावर चार बाया बसलेल्या. सुप्रियाने मोठ्याने वाचलं, "भाताला खीर समजून साखर घातलीय यांनी." आता सुप्रिया हसतेय लिहिताना. हस बाई. तेव्हा सगळी गल्ली हसली होती. मी पण हसलो, पारू पण दारात उभी राहून हसत होती, आवाज नसलेलं.

मग ती रोज लिहायची, मी रोज पाटी घेऊन पळायचो. औषध संपलं. गॅस बंद केला का. बाहेरचे कपडे आत घ्या. माझ्या घरातलं बोलणं आधी शेजारी जायचं आणि मग मला कळायचं. एका दुपारी तिने बराच वेळ लिहिलं. दोन्ही बाजूंनी. मी पाटी उचलली आणि चप्पल घातली. तिने उठून माझ्या हातातून पाटी घेतली. माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि पदराने सगळं पुसून टाकलं.

मी बोललो, "मी कोणाला दाखवणार नाय, परत लिही." किती मूर्ख. कोणाला दाखवणार नाय तर वाचणार कोण, मी? 'ग'पर्यंत शिकलेला?

सुप्रिया थांबलीय. लिही पोरी, पुढं लिही.

त्यानंतर तिने पाटी घेतली नाय. ठोकळ्यांचं घमेलं मात्र जवळ ओढलं. लाल ठोकळा पुढं केला की औषध. निळा, पाणी. दोन निळे, गरम पाणी. तिचं माझ्याशी बोलणं तेवढंच उरलं आणि तेवढं तरी मला वाचता येत होतं. मी विचारलं, "पुढं काय झालं गं दमयंतीचं? भेटतात का ते?" चेष्टा म्हणून विचारलं. रोज विचारायचो, जेवायला वाढताना, गळ्याची नळी पुसताना. "सांग की. का मी झोपल्यावर सांगणार?"

एक दिवस ती पाट घेऊन बसली आणि स्वतः लावायला लागली. एवढ्या वर्षांत तिने कधी ठोकळा लावला नव्हता, तिचं काम वाचायचं. हिरवे ठोकळे लावून रान केलं. तिला ठोकळा नीट बसवता येत नव्हता, मी हात पुढं केला तर तिने चापट मारली. मध्ये दमयंती ठेवली. लुगड्यासाठी तिच्या परकराची चिंधी कापली, निम्मी. पाटाच्या पार दुसऱ्या टोकाला राजा. आणि राजाचं डोकं तिने उलटं बसवलं.

मी बोललो, "तो कशाला रडतोय? टाकून तोच गेला ना?"

तिने माझ्याकडं बघितलं. दमयंतीचं तोंड तिने सरळच ठेवलं होतं, हसरं.

मग ती दमली. दोघांच्या मध्ये सगळी मोकळी जागा पडलेली. मी विचारलं, "मग? भेटतात?" तिने तळहात उलटा करून पुढं नेला. उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला धाप लागली. रिक्षाने नेली. त्यानंतर घरी आणली ती सगळ्यांनी मिळून.

सर येऊन गेले. चांगला माणूस. पाट बघून बोलले, "हा सीन अर्धवट आहे, काका. यातून मुलांना कथा कळणार नाही." मी बोललो, "मलाही नाय कळली." पुढची चित्रं त्यांनी पुण्याच्या एका चित्रकाराकडून रंगवून घेतली आणि पुस्तक पुरं केलं. चार प्रती घरी पाठवल्या. बशीरभाई मातीला आले होते, नंतर पण येतात. एकदा बोलले, "भाऊ, मी मराठी शाळेत शिकलोय, पोथी वाचता येते मला. तू बस, मी वाचतो, पुरी कर. अधुरी ठेवू नको." हात धुऊन आले होते ते, टोपी नीट करून बसले होते. मी त्यांना चहा दिला आणि पोथी दिली नाय. तिच्या आवाजात अर्धी झालीय. बाकीची दुसऱ्याच्या आवाजात कशी ऐकू?

काम बंद केलं. मंडळाची पोरं येतात, मी बोलतो, हात दुखतात. हात ठणठणीत हायत. ऐकायला कोणी नसलं की लावायला काय, नुसते ठोकळे.

पाट कपाटावर हाय. रोज धूळ पुसतो, राजाला धक्का लागू देत नाय. एकदा त्याचं डोकं फिरवून सरळ केलं. हसरं तोंड पुढं आलं. इतकं वाईट दिसलं की लगेच परत उलटं केलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की तिने ते कोणाचं केलं होतं. टाकून तीच चालली होती.

पोथी लाल फडक्यात हाय, पीस अजून त्याच पानात. सरांचं पुस्तक पण त्याच फडक्यात बांधलंय. त्यात पुढची चित्रं हायत आणि चित्रं मला वाचता येतात, म्हणून दमयंती जागी होते त्या पानाच्या पुढं मी उलटलं नाय. तुमच्यातल्या बहुतेकांना ती गोष्ट माहीत असेल. कधी विचुंब्याला आलात तर या, चहा मी बरा करतो, साखर चहातच घालतो. पण ते दोघं पुढं भेटले का, ते मला सांगू नका. सुप्रिया, तू पण नाय.

ती उद्या सांगणार होती.